लेकीला टेक्स्टाइलला जायचंय, सगळे म्हणतात ‘पर्सेंटाइल वाया’. कट-ऑफ म्हणजे डिग्रीची किंमत का?

भवानीपेठ (सोमवार, रात्री १०.१५)

नमस्कार मंडळी. लेकीचा सीईटीचा निकाल लागला. पीसीएमला ९४.६ पर्सेंटाइल. घरात आनंद आहे, पण दोन दिवस झोप नीट लागलेली नाही, म्हणून लिहायला बसले.

तिला टेक्स्टाइल इंजिनिअरिंगला जायचंय. हे खूळ आजचं नाही. माझे सासरे मिलमध्ये जॉबर होते, त्यांच्या मांडीवर बसून तिनं ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे, हे शब्द ऐकलेत. नववीत शाळेनं एका टॉवेलच्या कारखान्यात नेलं होतं. तिथून आली ती एकच प्रश्न घेऊन: टॉवेलवरचे ते बारीक फासे चिकटवतात की विणतात? सासऱ्यांनी वहीवर काढून दाखवलं. टॉवेलला दोन ताणे असतात, एक घट्ट आणि एक सैल. फणी दोन आडवे धागे थोड्या अंतरावर सोडते आणि तिसऱ्याला पूर्ण पुढे ठोकते. त्या ठोक्याला सैल ताण्याचा धागा वर उचलला जातो, तोच फासा. पोरगी रात्री अकरापर्यंत तेच चित्र पुन्हा पुन्हा काढत बसली होती. तिच्या मनात पहिलं मुंबईचं व्हीजेटीआय, दुसरं इचलकरंजीचं डीकेटीई.

रविवारी दीर आणि नणंदबाई पेढे घ्यायला आले. दिरांनी लगेच मोबाइल काढून गेल्या वर्षीची यादी उघडली. म्हणाले, “वहिनी, हे तर लई खाली क्लोज होतंय. हिला इथंच कॉम्प्युटर मिळतंय की. एवढे पर्सेंटाइल वाया घालवायचे का?” नणंद म्हणाल्या, “जे सहज मिळतं त्याला कोण विचारतंय?”

लेक काही बोलली नाही, आत गेली. रात्री भांडी आवरताना शेजारी येऊन उभी राहिली. “आई, मी कमी दर्जाचं काही मागतेय का गं?”

मी बारावी कॉमर्स, एका कारखान्यात हिशेब लिहिते. मला तिला उत्तर देता आलं नाही. तुमच्यापैकी कुणी या वाटेनं गेलं असेल तर खरं सांगा. कट-ऑफ खाली म्हणजे शिक्षण हलकं का?

---

सात_रस्ता (सोमवार, रात्री ११.०२)

ताई, आधी लेकीचं मनापासून अभिनंदन.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो आणि दर वर्षी पोरांना ऑप्शन फॉर्म भरायला मदत करतो. त्यामुळे हा प्रश्न मला दर पावसाळ्यात भेटतो. लांबलचक लिहितोय, कारण यातलं गणित कुणी नीट सांगतच नाही.

कट-ऑफ कुणी ठरवत नसतं. विद्यापीठ ठरवत नाही, सीईटी सेल ठरवत नाही, कॉलेज तर नाहीच. आधी जे ठरलेलं असतं ती पात्रता. इंजिनिअरिंगला बारावीत पीसीएमला खुल्या गटाला ४५ टक्के, राखीवला ४० टक्के. ती टेक्स्टाइललाही तीच आणि कॉम्प्युटरलाही तीच! सरकारच्या लेखी दोन्ही शाखांची दारं सारख्याच उंचीची आहेत.

त्यानंतर मुलं आपापल्या पसंतीनं फॉर्म भरतात, गुणवत्तेच्या क्रमानं जागा वाटल्या जातात, आणि शेवटच्या खुर्चीवर जो बसला त्याचा पर्सेंटाइल म्हणजे कट-ऑफ. साठ जणांच्या वर्गातल्या एका, शेवटच्या पोराचा आकडा. उरलेले एकोणसाठ कोण आहेत हे तो सांगत नाही. वर्गात काय शिकवतात हे तर तो मुळीच सांगत नाही. रांग किती लांब आणि खुर्च्या किती, एवढंच त्यातून कळतं.

आता एक गोष्ट बघा, म्हणजे दिरांना समजावता येईल. गेल्या वर्षीच्या यादीत कुठलंही खासगी कॉलेज काढा. एकाच शाखेच्या नावापुढे टीएफडब्ल्यूएसची वेगळी ओळ दिसेल. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना शिकवणी शुल्क माफ असलेल्या त्या जागा. थोड्याच असतात, म्हणून त्यांचा कट-ऑफ वर चढतो. वर्ग तोच, सर तेच, प्रयोगशाळा तीच, शेवटी हातात पडणारा कागदही तोच, आणि एकाच बाकावर बसलेल्या दोघांचे कट-ऑफ वेगळे. आकडा जर डिग्रीची किंमत असता, तर एका बाकावर एकाच डिग्रीच्या दोन किमती कशा झाल्या?

दुसरं. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या परिषदेनं, चांगल्या कॉलेजांसाठी जागांवरची वरची मर्यादा उठवली. बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. खुर्च्या वाढल्या की शेवटचा आकडा खाली येणार, हे साधं गणित आहे. म्हणून काय त्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स हा विषय हलका झाला?

दिवाळीनंतरच्या रविवारी पुण्याच्या गाड्यांना वेटिंग लागतं आणि इंदापूरच्या एसटीत बसायला जागा असते. वेटिंग बघून इंदापूर गाव छोटं का मोठं ठरवत नाही आपण.

---

गड्डा_यात्रा (सोमवार, रात्री ११.२०)

सर, वेटिंगचं पटलं. मी पण यंदाच दिलीय सीईटी. ७१ आलेत. आमच्या ग्रुपवर कट-ऑफची यादी फिरायलीय आणि पोरं शाखेचं नाव पण वाचत नाहीत, नुसता आकडा बघून खालून वर जायलेत. मीही तेच करत होतो. उद्यापासून नावं वाचतो.

---

हिंजवडी_मूळ_सोलापूर (मंगळवार, सकाळी ८.४०)

सात रस्ता सरांचं गणित बरोबर आहे, पण ते अर्धंच आहे. कटू वाटेल तरी लिहितो, कारण ताईंनी खरं सांगा म्हटलंय.

मी चौदा वर्षं आयटीत आहे, फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो. कंपनी कॅम्पसला कुठे जायचं हे ठरवताना कॉलेजात कोण मुलं येतात ते बघते. कट-ऑफ अभ्यासक्रमाचं मोजमाप नसेल, पण शेजाराचं आहे. ज्या वर्गात सगळी ९५च्या वरची बसतात तिथे रात्री दोनला अडलेलं गणित सोडवून द्यायला शेजारच्या खोलीत कुणीतरी असतं. मी स्वतः असल्या हॉस्टेलवर राहिलोय. मला सरांनी जितकं शिकवलं, त्याहून जास्त खोलीतल्या दोघांनी शिकवलं. ही किंमत खरी आहे आणि ती आकड्यात दिसते.

शिवाय बाजार न्यायी नसला तरी बाजार असतोच. रांग लांब आहे ती उगाच नाही. दहा हजार पालक एका दिशेला धावतात तेव्हा त्यांना काहीतरी दिसलेलं असतं.

लेकीला कमी लेखत नाही. पण ‘कट-ऑफला काहीच अर्थ नाही’ असं तिला सांगू नका.

---

खडू_फळा (मंगळवार, दुपारी १.१०)

रांगेला काहीतरी दिसलेलं असतं, या वाक्यावर थांबले. मी रांगेत उभी होते, म्हणून सांगते.

मी १९९८ साली बारावी झाले. तेव्हा आमच्या बार्शी भागात हुशार मुलगी म्हणजे डी.एड. असं समीकरण होतं. मेरिटची यादी लागायची तेव्हा लोक श्वास रोखून वाचायचे. ऐंशी टक्क्यांच्या खालची मुलगी घरी परत. माझी एक मैत्रीण बारावी सायन्सला उत्तम गुण असून इंजिनिअरिंग सोडून डी.एड.ला आली, कारण दोन वर्षांत झेडपीची नोकरी. मला जागा मिळाली त्या दिवशी वडिलांनी गल्लीत साखर वाटली.

पुढे काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलंय. खासगी डी.एड. कॉलेजं गावोगाव उगवली, मग शिक्षकभरती थांबली. आज त्याच अभ्यासक्रमाला, आता डी.एल.एड. म्हणतात त्याला, जागा भरत नाहीत. कितीतरी विद्यालयं बंद पडली.

इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगते, पहिलीच्या पोराला वाचायला शिकवणं सोपं झालेलं नाही. उलट अवघड झालंय. त्या दोन वर्षांत पाठ घेताना, फळ्यावर लिहिताना, बालमानसशास्त्र वाचताना मी जे शिकले त्यावर आजही माझा वर्ग चालतो. म्हणजे शिक्षणाची किंमत होती तिथेच आहे, नोकरी गेली म्हणून रांग गेली. रांगेला दिसते ती नोकरी, आणि तीसुद्धा आजची. आज फॉर्म भरणारी मुलगी चार वर्षांनी बाहेर पडणार आहे.

माझ्या शाळेत आता नवीन शिक्षक कुठून येणार, या विचारानं खरंच काळजी वाटते. ज्या शिक्षणाला आकडा नाही त्याकडे चांगली मुलं फिरकत नाहीत, आणि मग ते शिक्षण खरंच मागे पडायला लागतं. हिंजवडीकर दादा, शेजाराबद्दल तुम्ही म्हणता ते म्हणूनच खरं होतं. पण तो शेजार बिघडवतो कोण? आपणच की, ‘वाया गेले’ म्हणून.

---

पार्क_चौक (मंगळवार, दुपारी ३.३०)

छोटी भर. २०२१ साली दिल्लीच्या हिंदू कॉलेजात राज्यशास्त्र ऑनर्सची पहिली यादी शंभर टक्क्यांना लागली होती. शंभर! म्हणजे ९९.७५ वालाही बाहेर. पुढच्याच वर्षी सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा आली आणि बारावीच्या टक्क्यांवरच्या त्या याद्याच संपल्या. प्राध्यापक तेच राहिले, पुस्तकं तीच राहिली. बोर्डांनी गुण वाटण्यात हात सैल सोडला होता, म्हणून तो आकडा तिथवर गेला होता.

---

स्टेथो (मंगळवार, रात्री ९.४८)

वैशंपायन मेमोरियलला एमबीबीएस केलं, आता जिल्ह्यातच प्रॅक्टिस करते. वैद्यकीयचं उदाहरण देते, कारण तिथे हा गोंधळ अगदी उघडा पडतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये नीट-पीजीची, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेची, पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. उणे ४० गुणांचा उमेदवारही समुपदेशनाला पात्र झाला. का? तर ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री अशा विषयांच्या जागा रिकाम्या राहत होत्या. रेडिओलॉजी आणि त्वचारोगाला मात्र वरच्या रँकची झुंबड.

आता सांगा, ॲनाटॉमीची किंमत शून्य का? मी पहिल्या वर्षी ज्या टेबलाशी उभी राहिले, तिथे एका मॅडमनी माझ्या हातात चिमटा देऊन हाताच्या पंजातली एकेक नस वेगळी करायला लावली. तीन महिने. आज मनगट कापून आलेला माणूस समोर असतो तेव्हा माझी बोटं त्या तीन महिन्यांवर चालतात. रेडिओलॉजिस्टलासुद्धा ते काळं-पांढरं चित्र वाचता येतं ते ॲनाटॉमी येते म्हणूनच. जिच्यावर सगळं उभं आहे तिच्यात खासगी प्रॅक्टिस नाही, म्हणून रांग नाही. बास, एवढंच कारण.

पण एक गोष्ट मला इथे आग्रहानं म्हणायचीय. पात्रतेची खालची रेघ आणि कट-ऑफ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एमबीबीएसच्या नीटला खुल्या गटाला ५० पर्सेंटाइलची रेघ आहे, ती हवीच. त्या शिक्षणाला किमान किती तयारी लागते हे तीच सांगते. पीजीची रेघ शून्यावर आणली ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ती रेघ पार केलेल्या मुलानं मात्र पुढे काय निवडावं, हे शेवटच्या खुर्चीचा आकडा सांगू शकत नाही.

भवानीपेठ ताई, तुमची लेक रेघेच्या खूप वर आहे. आता तिनं मागे वळून आकडा बघायची गरज नाही.

---

माळदांडी (बुधवार, सकाळी ६.५५)

रामराम. मोहोळ तालुक्यातला आहे, राहुरीला बीएस्सी ॲग्री केलं.

मी ॲडमिशन घेतलं तेव्हा मावशी म्हणाली होती, “शेतीच करायची तर शिकायला कशाला पाहिजे?” मग पोरं ॲग्री करून एमपीएससीतून अधिकारी व्हायला लागली आणि रांग वाढली. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी कट-ऑफ बघून तीच मावशी म्हणाली, लई अवघड असतंय ते. दोघांनी जवळजवळ तीच पुस्तकं वाचलीत. रांग वाढली तसा भाऊ हुशार ठरला, मी तसाच राहिलो.

आणि रांगेच्या हिशेबानं बघायचं तर आपला जिल्हाच वाया गेला म्हणावं लागेल. १९३३ सालापासून सोलापुरात कोरडवाहू शेतीवर संशोधन चालतं. आपण रोज ज्या ज्वारीची भाकरी खातो ती मालदांडी ३५-१ मोहोळच्या केंद्रावर निवडून काढलेली. इतक्या वर्षांत कितीतरी वाण आले, तरी रब्बीला बाया अजून हीच मागतात, कारण भाकरी गोड लागते आणि कडबा जनावर आवडीनं खातं. हे ज्यांनी केलं ते कुठल्या आकड्यावर आत आले होते, कुणाला ठाऊक आहे? केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तेल्या आला की लाखोंची बाग डोळ्यांदेखत जाते. तेव्हा शेतकऱ्याला तो रोग ओळखणारा माणूस हवा असतो.

माझं मत विचाराल तर, सोलापूरच्या पोरीनं कापड शिकावं यात वाया काय आहे तेच मला कळलं नाही. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. त्यातलं शास्त्र शिकलेली किती माणसं गावात आहेत?

---

यारा_काठी (बुधवार, सकाळी ११.१५)

माहेर सोलापूर, सध्या मेलबर्न. धागा वाचून अंगावर काटा आला, इतकं आमच्या घरातलं बोलणं आहे हे.

इथे बारावीनंतर एटीएआर मिळतो, ९९.९५ पर्यंत जाणारा. तोही गुण नाही, क्रमांकच आहे. ८० म्हणजे वयाच्या गटात वरच्या वीस टक्क्यांत. आणि प्रत्येक कोर्सपुढे शेवटच्या प्रवेशाचा आकडा छापतात. माझ्या मुलीला चांगला ९० च्या वर आला आणि तिनं नर्सिंग मागितलं, ज्याचा आकडा बराच खाली होता. शाळेतल्या समुपदेशकांनी विचारलं, एटीएआर वाया का घालवतेस, लॉ बघ. शब्द हुबेहूब तेच. मी त्या वेळी मुलीच्या बाजूनं उभी राहिले नाही. दोन महिने तिला लॉची माहितीपत्रकं दाखवत राहिले. तिनं ऐकलं नाही हे बरं झालं. आज ती अतिदक्षता विभागात काम करते, आणि रात्रपाळी करून आली की तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते बघून मला त्या दोन महिन्यांची लाज वाटते.

आकडा खर्च करायचा पैसा नाही हो. शंभरची नोट घेऊन गेलात आणि साठची वस्तू घेतली तर चाळीस बुडाले, असं इथे काही होत नाही. शिकताना जी सवय लागली, जे डोकं तयार झालं, ते तिच्यासोबतच जातं.

---

हिंजवडी_मूळ_सोलापूर (बुधवार, रात्री ८.२०)

खडू-फळा ताईंचं वाचून दुपारभर विचार केला. शेजाराचं मी म्हटलं ते मागे घेत नाही. पण माझ्या वेळचं आठवलं. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा सिव्हिल-मेकॅनिकलसाठी मारामारी होती. काही वर्षांतच त्याच वर्गांत बाकं रिकामी पडली. आमच्या पंढरपूर रस्त्यावरचे पूल मात्र सिव्हिलवालेच बांधत होते, तेव्हाही आणि आताही.

ताई, माझा सल्ला एवढाच. कट-ऑफ सोडा, पण डोळे झाकून उडी नको. दोन्ही कॉलेजांत फोन करून विचारा: गेल्या तीन वर्षांत टेक्स्टाइलच्या वर्गातली किती मुलं टेक्स्टाइलमध्येच कामाला लागली? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मिलमध्ये होतो की कागदावर? प्रयोगशाळेतला माग चालू आहे का? शाखेला एनबीए, म्हणजे शाखेचा दर्जा तपासून मिळणारं राष्ट्रीय मानांकन, आहे का? आणि जमलं तर तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीशी लेकीचं बोलणं करून द्या, तुम्ही शेजारी न बसता.

---

भवानीपेठ (शुक्रवार, रात्री ९.३५)

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरं एकेक करून लेकीला वाचून दाखवली. डॉक्टर मॅडमचं दोनदा वाचायला लावलं तिनं.

काल यांच्या ओळखीनं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात तिला घेऊन गेले. नवीन रेपियर माग लागलेत. शेडचे सुपरवायझर जुने, हातानं शिकलेले. ते म्हणाले, माग बिघडला तर आम्ही कान लावून ओळखतो, पण त्यातलं कार्ड गेलं की बाहेरून माणूस येईपर्यंत माग उभा. मग लेकीनं त्यांना विचारलं की पाणी जास्त शोषलं जावं म्हणून फाशाची उंची वाढवता की सुताचा पीळ कमी करता? ते तिच्याकडे बघतच राहिले. मग तिला स्टुलावर बसवून अर्धा तास समजावत होते. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. तिचा चेहरा मात्र मी बघत होते.

हिंजवडीकर भाऊ, तुमचे प्रश्न वहीत लिहून दोन्हीकडे फोन केला. एका ठिकाणी सरळ उत्तरं मिळाली, तिसऱ्या वर्षाच्या मुलीचा नंबरही दिला. दुसरीकडे उद्या पुन्हा करणार आहे. लेक त्या मुलीशी पाऊण तास गच्चीवर बोलली. काय बोलली ते मी विचारलं नाही.

दिरांना टीएफडब्ल्यूएसची ओळ दाखवली. बराच वेळ यादी खालीवर करत होते. पटलं असं म्हणाले नाहीत, पण “इचलकरंजीला मी सोडायला येतो, गाडी आहे” म्हणाले.

फॉर्ममध्ये पहिले पाच पर्याय टेक्स्टाइलचे आहेत. सहावं इथलं कॉम्प्युटर, ते तिनं स्वतःच टाकलंय. सर, क्रम बरोबर आहे ना? आणि इचलकरंजीच्या मुलींच्या हॉस्टेलची कुणाला माहिती असेल तर सांगा. मेस कशी आहे, रात्री लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी असते?

---

सात_रस्ता (शुक्रवार, रात्री १०.०५)

क्रम बरोबर आहे. एकच लक्षात ठेवा, पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो. म्हणून एक नंबरला तिला मनापासून हवं तेच असू द्या, लोकांना दाखवायला दुसरं काही नको. उद्या सकाळी फॉर्म कन्फर्म करायच्या आधी प्रिंट घेऊन कॉलेजवर या, चॉइस कोडचा एकेक आकडा दोघं मिळून तपासू. हॉस्टेलचं माझ्या एका विद्यार्थिनीला विचारतो, ती तिथेच दुसऱ्या वर्षाला आहे.